पंगतीतला उंदीर

'सहजीवन' हा आपल्या भाषेतला मोठा गोड शब्द. लग्नाला पन्नास वर्षे झालेल्या जोडप्याचा सत्कार असला की वक्ते तो हमखास वापरतात. शाळेत जीवशास्त्राच्या धड्यातही हाच शब्द भेटतो, आणि तिथेही त्याला लग्नमंडपाचाच सुगंध येत असतो. खाजनात चरणाऱ्या म्हशीच्या पाठीवरचा बगळा, शंखात राहणारा खेकडा आणि त्या शंखावर चिकटलेले समुद्रफूल, उंबराचे फळ आणि त्यात जन्मणारी इवलीशी माशी... सगळे कसे एकमेकांवर उपकार करीत सुखाने नांदत आहेत, असे चित्र मनात ठसते. निसर्गाकडून माणसाने हे शिकावे, असे तात्पर्यही खाली असतेच.

तात्पर्य चांगले आहे. पण ज्या माणसाने हा शब्द शास्त्रात रुजवला, त्याला एवढे गोड काही म्हणायचे नव्हते.

ही गोष्ट सुरू होते आपल्या शाकुतीच्या मसाल्यात पडणाऱ्या दगडफुलापासून. दगडफूल हे फूल नव्हे, आणि एक वनस्पतीही नव्हे. ती बुरशी आणि शेवाळ यांची जोडी असते, असे १८६०च्या दशकाच्या अखेरीस श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने सांगितले, तेव्हा त्या काळच्या कित्येक पंडितांनी त्याची टर उडवली. पुढे १८७८ साली आंतोन द बारी नावाचे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कासेल शहरातल्या एका संमेलनात बोलायला उभे राहिले. वेगवेगळ्या जातींचे जीव एकत्र जगतात, त्या जगण्याला त्यांनी ग्रीक शब्दांवरून 'सिंबायोसिस' म्हटले. बस्स, एकत्र जगणे! त्यात प्रेम किती, फायदा कुणाचा, हा हिशेब त्यांनी व्याख्येत घातला नाही. झाडाला पोखरणारे बांडगूळसुद्धा त्यांच्या लेखी सहजीवनातच मोडत होते.

त्याच्या तीन वर्षे आधी, १८७५मध्ये, व्हान बेनेदेन या बेल्जियन प्राणिशास्त्रज्ञाने आणखी एक शब्द रूढ केला होता. दुसऱ्याच्या ताटाशेजारी बसून त्याच्या अन्नातले चार घास खाणारा, पण त्याच्या अंगाला न झोंबणारा, तो 'कमेन्सल'. मराठीत सांगायचे तर पंगतीला बसलेला बिनबोलावता पाहुणा. म्हशीमुळे उडालेले नाकतोडे टिपणारा बगळा हा असा पंगतकरी.

आणि माणसाच्या पंगतीला सर्वांत जुना बसलेला प्राणी कोण? उंदीर.

घरातला काळा उंदीर मूळचा आपल्याच देशातला आहे, असे आता जनुकांच्या अभ्यासावरून दिसते. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली आणि हा गृहस्थ कणगीजवळ येऊन बसला. पुढे व्यापाऱ्यांच्या गलबतांतून तो अरबस्तानात, इजिप्तमध्ये, युरोपात पोचला. मिरी, कापड आणि नीळ यांच्याबरोबर आपण जगाला उंदीरही निर्यात केला! आपल्या पूर्वजांना या सोबत्याची नीट ओळख असावी. गणपतीच्या पायाशी त्यांनी उंदीर बसवला तो उगाच नव्हे, असे मला नेहमी वाटते. वाहन म्हणजे जे आपल्याबरोबर असते, पण ज्याच्यावर आपली मांड असते. उंदराला हाकलता येत नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक होते. त्याच्यावर मांड मात्र ठेवावी लागते.

ही मांड सुटली की काय होते, हे पाहायला सुरतेला जावे लागेल.

सुरत म्हटले की आपल्याला शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७०च्या दोन स्वाऱ्या आठवतात. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी, १६८९ साली, ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सुरतेच्या बंदरात उतरला. त्याच्या प्रवासवर्णनात दोन नोंदी आहेत. पहिली अशी की शहरात कित्येक वर्षे मरीची साथ चालू होती. दुसरी नोंद अधिक चमत्कारिक आहे. शहरात जनावरांसाठी एक धर्मार्थ इस्पितळ होते. तसे ते आजही गुजरातेत पांजरापोळ या नावाने असतात. पण त्याच्या शेजारी ढेकूण, पिसवा अशा जिवांसाठीही एक जागा होती, आणि त्यांना पोटभर रक्त मिळावे म्हणून अधूनमधून एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्रभर तिथल्या बाजेवर निजवीत, असे तो सांगतो. भूतदयेच्या या टोकाला आपण हसू नये. मुंगीचाही जीव जपणाऱ्या श्रद्धेतून ते आले होते. पण एकाच शहरात एकीकडे मरी आणि दुसरीकडे पिसवांचे अन्नछत्र, ही जोडी मात्र डोक्यातून जात नाही. या दोहोंचा काही संबंध असेल, अशी शंका ना त्या पाद्र्याला आली, ना शेटजींना. ती यायला आणखी दोनशे वर्षे लागायची होती.

उंदराचा संशय मात्र त्याहून जुना. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत १६१८-१९च्या सुमारास आग्र्याकडे पसरलेल्या साथीची हकिकत लिहिली आहे. एका सरदाराच्या घरी एक उंदीर दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात अंगणात आला. एका दासीने त्याला शेपटीला धरून मांजरापुढे टाकले. मांजराने तो तोंडात धरला आणि लगेच सोडून दिला. मग मांजर आजारी पडले, आणि पाठोपाठ त्या मुलीला गाठ आली. आपल्याकडे महाराष्ट्रात तर 'उंदीर पडला' एवढे दोन शब्द पुरत. घरात मेलेला उंदीर दिसला की माणसे दाराला कुलूप लावून शेतात झोपडीत राहायला जात. कारण ठाऊक नव्हते, पण अनुभव अचूक होता.

आता या कथेत एक गोवेकर येतो. १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिन याने प्लेगचा जंतू शोधला. दोन वर्षांत तो रोग मुंबईत आला. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात एका रोग्याला तपासताना हा साधा ताप नसून गाठीचा प्लेग आहे, हे ओळखले ते डॉ. अकासियो गाब्रियल व्हिएगस यांनी. हे मूळचे आपल्या बार्देशातल्या हडफड्याचे. सरकारी तज्ज्ञांनी आधी शंका घेतली, मग मान्य केले. व्हिएगस पुढे १९०६मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. मुंबईत मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. आपल्यापैकी किती जण तिथे क्षणभर थांबतात, कोण जाणे!

त्या साथीने महाराष्ट्राचा इतिहास ढवळून निघाला. १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच वर्षी २२ जून रोजी पुण्यात चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. हे आपण शाळेत शिकतो. पण त्याच वसंतात दमणमध्ये काय झाले, हे फारसे कुणाला माहीत नसते. दमण तेव्हा पणजीच्या अमलाखाली, म्हणजे आपलाच एक तुकडा. तिथे प्लेग शिरला तेव्हा मुंबईत नुकतीच लस तयार करणारे हाफकिन तिकडे गेले. त्यांनी मांडलेले आकडे असे: दमणच्या एका भागात ८,२३० माणसे होती. त्यांपैकी २,१९७ जणांनी लस टोचून घेतली आणि त्यांतले ३६ दगावले. उरलेल्या ६,०३३ जणांतले १,४८२ दगावले. म्हणजे दर चार माणसांमागे एक! ज्या गावात चौथा माणूस जातो, त्या गावात मागे उरलेल्यांनी किती घरांची दारे बंद झालेली पाहिली असतील?

आणि तरीही रोग पसरतो कसा, हे कुणालाच कळत नव्हते. कार्बोलिक आम्लाने भिंती धुतल्या, गटारे धुतली, कपडे जाळले, माणसांना ओढून इस्पितळात नेले. उत्तर शोधले ते पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने. जून १८९८मध्ये कराचीत त्याने एका काचेच्या बरणीत आजारी उंदीर ठेवला. वर जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते. मधले अंतर फक्त पिसू उडी मारून पार करू शकत होती. काही दिवसांत वरचा उंदीरही प्लेगने मेला. हे सिद्ध करूनही त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतून १९०५नंतर त्याला दुजोरा मिळाला. तोवर देशात लक्षावधी माणसे गेली होती. पुढे हा आकडा एक कोटीच्या वर गेला.

आता या चौघांचे सहजीवन जरा जवळून पाहा: जंतू, पिसू, उंदीर आणि माणूस. पिसवेला माणूस आवडत नाही, तिला उंदीरच हवा असतो. पण उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते, आणि ती दुसरे ऊबदार अंग शोधायला निघते. अशा वेळी जवळ कोण असते? त्याच्या पंगतीला बसलेला माणूस! तिच्या पोटाच्या तोंडाशी प्लेगच्या जंतूंचा गोळा साचून वाट बंद झालेली असते. रक्त आत जात नाही, भूक भागत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्याला जंतू ओकते. शेवटी तीही उपाशी मरते. म्हणजे उंदीर मरतो, पिसू मरते, माणूस मरतो.

मग या संसारात सुखी कोण? उत्तर घरात नाही, माळावर आहे. तिथल्या बिळांत राहणाऱ्या काही जातींच्या रानउंदरांना या जंतूची सवय आहे. त्यांतले काही मरतात, काही तगतात, आणि जंतूही तगतो. हा त्यांचा जुना करार आहे, आणि त्यात कुणी कुणावर उपकार करत नाही. घरातला उंदीर आणि माणूस त्या करारात नाहीत. रानउंदीर आणि घरउंदीर यांच्यामधली वेस मोडली, की माळावरचे हे भांडण आपल्या माजघरात येते.

१९९४मध्ये नेमके हेच झाले. येर्सिनच्या शोधाला बरोबर शंभर वर्षे झाली होती. देशात १९६६नंतर माणसांत प्लेगची खात्रीची नोंद नव्हती, आणि बहुतेकांनी तो इतिहासजमा धरला होता. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. त्याच्या धास्तीने शेजारच्या बीड जिल्ह्यातही माणसे घरांबाहेर राहू लागली, आणि बंद घरांतले धान्य उंदरांना मोकळे झाले. ऑगस्ट १९९४मध्ये बीडच्या मामला गावात आधी पिसवांचा सुळसुळाट झाला, मग उंदीर पडू लागले, मग माणसांना गाठी आल्या. आजी-आजोबांच्या तोंडचा तोच क्रम!

सप्टेंबरमध्ये तापीला पूर येऊन गेला होता. सुरतेच्या सखल वस्त्यांत चिखल, कुजलेले धान्य आणि मेलेली जनावरे होती. गणपती विसर्जनाची गर्दी नुकतीच ओसरली होती. आणि फुप्फुसाचा प्लेग आल्याची बातमी फुटली. हा प्रकार खोकल्यातून पसरतो, त्याला मध्ये पिसूही लागत नाही. काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. मृत्यू पन्नासच्या आसपास झाले. पण विमाने रद्द झाली, माल परत आला, जगाने भारताकडे पाठ फिरवली. तो प्लेग होता की नव्हता, यावर पुढे वाद झाले. २०००मध्ये हैदराबादच्या प्रयोगशाळेने जनुकांची तपासणी करून तो प्लेगचाच जंतू असल्याचे दाखवले.

मुंबईहून सुरतेला जाताना नवसारी, मरोली, सचिन ही स्थानके गेली की भेस्तान लागते, आणि पुढे उधना. तिथून तापीच्या काठाने एक फाटा जळगावकडे जातो. त्याच रुळावरून धुळे, नंदुरबार, जळगावची माणसे सुरतेच्या मागांवर आणि रंगाच्या कारखान्यांत आली. उधना, लिंबायत, पांडेसरा, भेस्तान या पट्ट्यात अहिराणी आणि मराठी सहज कानावर पडते. महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. आपण गोव्यात बसून मराठीचे काय होणार म्हणून चिंता करतो, आणि इकडे सुरतेच्या या भागात ती मागाच्या खडखडाटात खुशाल जगते आहे.

भेस्तानला चहाच्या टपरीवर माझी एका वयस्क खानदेशी गृहस्थांशी गाठ पडली. मी प्लेगचा विषय काढला. खोलीला कुलूप घालून मिळेल त्या गाडीने ते गावी गेले होते. "गावानं हाकललं नाही भाऊ," ते म्हणाले, "पण आठ दिवस मळ्यात झोपायला सांगितलं. आईनं भाकरी बांधावर ठेवायची, मी ती उचलायची." मी विचारले, राग नाही आला? ते म्हणाले, "राग कशाचा? तिची आजीबी अशीच मळ्यात राहिली होती म्हणे."

शंभर वर्षांपूर्वीचे शहाणपण असे एका आईच्या हाती शिल्लक होते. मुलाला टाकायचे नाही, पण बांध राखायचा!

शहरांना एवढी समज नव्हती. त्या वेळी ठिकठिकाणच्या स्थानकांवर सुरतेहून येणाऱ्यांकडे संशयाने पाहिले गेले. खुद्द सुरतेत बोट गेले ते बाहेरून आलेल्या मजुरांच्या वस्त्यांकडे. जणू घाण त्यांनीच आणली! ज्या वस्तीत गटार बांधले नव्हते, नळ दिला नव्हता, तिथल्या लोकांनाच रोगाचे कारण ठरवणे, ही माणसाची जुनी खोड आहे. सिंबायोसिसचा शब्द वापरताना म्हणूनच एक पथ्य पाळावे. तो वेगवेगळ्या जातींच्या जिवांसाठी आहे. माणूस ही एकच जात आहे. माणसांत कुणी यजमान आणि कुणी बांडगूळ नसतो. मजूर निघून गेले तेव्हा माग थांबले, एवढे त्या दिवसांत सुरतेला दिसले होते. तरी ते विसरले गेले. २०२०च्या टाळेबंदीत त्याच शहरातल्या मजुरांना घरी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर यावे लागले.

पण सुरतेला तिच्या श्रेयापासूनही वंचित करू नये. मे १९९५मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. कचरा रोज उचलणे, गटारे, हॉटेलांची तपासणी, अधिकाऱ्यांनी सकाळी खुर्ची सोडून वस्तीत फिरणे, अशी साधीच कामे त्यांनी नेटाने करून घेतली. १९९६मध्ये देशातल्या स्वच्छ शहरांत चंडीगडच्या खालोखाल सुरतेचे नाव आले. यात उंदरांविरुद्ध महायुद्ध वगैरे नव्हते. पंगतीतले उष्टे उचलले, एवढेच.

आणि हेच खरे शास्त्र आहे. प्लेगच्या साथीत उतावीळपणे उंदीर मारत सुटले तर त्यांच्या अंगावरच्या पिसवा बेघर होतात आणि माणसावर येतात. म्हणून आधी पिसवा, मग उंदीर, असा क्रम डॉक्टर सांगतात. जुना संबंध तोडतानाही तो कुठून बांधला आहे, हे ठाऊक असावे लागते.

गोव्यात आपण यातून काय घ्यावे? पावसात शेतात उतरणाऱ्याला होणारा लेप्टोस्पायरोसिस दक्षिण गुजरातेत दर वर्षी डोके वर काढतो, आणि आपल्यालाही तो परका नाही. त्याचा जंतू उंदराच्या मूत्रपिंडात मजेत राहतो, उंदराला त्याचा त्रास नाही. मरतो तो चिखलात अनवाणी उभा असलेला माणूस. दुसरीकडे, उंदरावर खरी मांड ठेवणारे जे दोन शेजारी, त्यांना आपण काय वागणूक देतो? धामण दिसली की दांडा, आणि घुबड दिसले की अपशकुन! मग गोदामात विष पेरायचे आणि तेच मेलेल्या उंदरातून घुबडाच्या पोटात घालायचे.

आपल्या खाजनांचे बांध पाहा. खाडीचे खारे पाणी आणि शेतातले गोडे पाणी शेकडो वर्षे शेजारी राहिले, ते मधल्या मातीच्या बांधामुळे आणि भरती-ओहोटीबरोबर उघडझाप करणाऱ्या मानशीमुळे. त्या बांधाला खेकडे भोके पाडतात, उंदीर बिळे करतात. त्यांना ते करू नका म्हणून सांगता येत नाही. गावकार दर वर्षी एकत्र येऊन ती भोके चिखलाने बुजवीत आले, म्हणून भात पिकले. जिथे हे काम सोडून दिले, तिथे आज खारे पाणी उभे आहे आणि भाताच्या जागी कांदळ वाढते आहे. यंदा पावसाआधी आपल्या गावचा बांध कुणी फिरून पाहिला, एवढे एकदा विचारून बघा.